केंडल यांची नाटक कंपनी

जेफ्री केंडल हे नाव आपल्याकडे निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शशी कपूरचे सासरे. जरा जास्त माहिती असलेला माणूस म्हणतो, 'शेक्सपिअरवाला' सिनेमातला तो म्हातारा इंग्रज नट. दोन्ही खरं आहे. पण माझं उभं आयुष्य नाटकाच्या व्यवस्थापनात गेलं. नाट्यगृहांच्या तारखा घेतल्या, गाड्या ठरवल्या, नटांच्या नाइटची, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं भरली. त्यामुळे मला या माणसाचं खरं काम या दोन्ही ओळखींच्या बाहेर दिसतं. केंडल हे कंपनीचे मालक होते. स्वतः नट, स्वतः दिग्दर्शक, स्वतः निर्माते, आणि बायको-मुलींसकट सगळं बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारे मालक. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांनी वाचलाय, त्यांना हा माणूस परका वाटायचा नाही.

त्यांचं मूळ आडनाव ब्रॅग. इंग्लंडच्या उत्तरेला वेस्टमोरलँडमध्ये केंडल नावाचं गाव आहे. तिथे ७ सप्टेंबर १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला आणि रंगभूमीवर येताना त्यांनी गावाचंच नाव आडनाव म्हणून लावून घेतलं. बायको लॉरा लिडेल, तीही नटी. थोरली मुलगी जेनिफर, धाकटी फेलिसिटी, १९४६ सालची. फेलिसिटी नऊ महिन्यांची असताना 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये कुणाच्या तरी कडेवरून रंगमंचावर आली. त्या नाटकात परीराजा आणि राणी ज्या लहान मुलावरून भांडतात, ते मूल म्हणून. मंडळीत बाळ आहे, नाटकात बाळाची गरज आहे, मग बाळ नाटकात. कंपनीच्या बिऱ्हाडात हे असंच चालतं.

इंग्लंडमध्ये या धंद्याची मोठी परंपरा होती. मालक हाच प्रमुख नट, त्याच्या नावावर कंपनी, कंपनीच्या डोक्यावर कर्ज आणि वर्षातले बरेच महिने रेल्वेच्या डब्यात. फ्रँक बेन्सन हे त्यातलं एक थोर नाव. १८८३पासून त्यांनी आपली मंडळी फिरवली, शेक्सपिअरच्या गावी स्ट्रॅटफर्डला वर्षानुवर्षं नाट्योत्सव चालवला. १९१६ साली शेक्सपिअरच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात खास प्रयोग होता. बेन्सन सीझरच्या वेशात होते. राजा पंचम जॉर्ज यांनी त्यांना तिथेच, त्या रंगवलेल्या चेहऱ्याने, 'सर' केलं. समारंभाला तलवार लागते, ती ऐन वेळी नाटकाच्या सामानातली आणली गेली. ही हकीकत मला फार आवडते. राजाची तलवार आणि प्रॉपर्टीतली तलवार एका क्षणापुरती एकच झाली आणि समोरच्या नटाचा त्याहून मोठा मान दुसरा कुठला असणार! एवढा मान मिळालेल्या बेन्सन यांची अखेर मात्र पैशाच्या ओढाताणीत गेली. हेही आपल्याला ओळखीचंच. बालगंधर्वांच्या कर्जाच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो.

केंडल वयात आले तेव्हा ही परंपरा ओसरायला लागली होती. बोलपट आले होते, गावोगावची थिएटरं सिनेमाला जात होती. अशा वेळी ज्याला फिरायचंच आहे, गावोगाव जाऊन शेक्सपिअरच करायचा आहे, त्याने जायचं कुठे? केंडल यांना याचं उत्तर सापडलं ते भारतात, आणि ते सापडायला महायुद्ध कारण झालं.

युद्धकाळात ब्रिटिश सैनिकांच्या करमणुकीसाठी एन्सा नावाची संघटना होती. गायक, विदूषक, नट यांच्या टोळ्या ती आघाड्यांवर आणि छावण्यांमध्ये पाठवायची. या संघटनेतर्फे १९४४ साली केंडल आणि लॉरा भारतात आले. सैनिकांपुढे नाटक करणं काय असतं याची थोडी कल्पना मला आहे, कारण लष्कराच्या तळावर आम्हीही प्रयोग केले आहेत. तिथला प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो, त्याला बसवलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत त्याला धरला तर तो तुमचा, नाहीतर तो मनाने कधीच निघून गेलेला असतो. केंडल यांनी तिथे शेक्सपिअर आणि शॉ करायची धमक ठेवली.

युद्ध संपलं. इंग्रज मंडळी गाशा गुंडाळायला लागली. आणि नेमक्या त्या वेळी, १९४७ साली, हे गृहस्थ स्वतःची कंपनी घेऊन भारतात परत आले. कंपनीचं नाव 'शेक्सपिअराना'. साम्राज्य निघालेलं, फाळणीच्या दंगली पेटलेल्या, गाड्यांचा भरवसा नाही, आणि एक इंग्रज नट पेटारे घेऊन दौऱ्यावर निघालेला. सरकार होतं म्हणून आलेला माणूस सरकार गेल्यावर जातो. हा माणूस सरकार जाताना आला. त्याला इथे हवा होता तो प्रेक्षक, आणि प्रेक्षक कुठेच जाणार नव्हता.

१९४७-४८चा पहिला दौरा झाल्यावर मंडळी इंग्लंडला परतली आणि १९५३ला पुन्हा आली. फेलिसिटी तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची होती. त्यानंतरची वर्षं म्हणजे अखंड फिरती. डोंगरावरच्या शाळा, संस्थानिकांचे वाडे, कलकत्त्यासारख्या शहरांतली मोठी थिएटरं, शिमल्याचं गेइटी थिएटर, आणि पुढे सिंगापूर-मलायापर्यंत.

आता जरा कामाचं बोलतो, कारण या भागाबद्दल कुणी लिहीत नाही.

शेक्सपिअरचं एखादं नाटक उघडून पात्रांची यादी मोजा. 'हॅम्लेट'मध्ये वीसच्या वर बोलणारी पात्रं आहेत. फिरत्या कंपनीला इतकी माणसं परवडत नाहीत. प्रत्येक माणूस म्हणजे एक तिकीट, एक खाट, दोन वेळचं जेवण आणि आजारी पडला तर डॉक्टर. म्हणून एकेका नटाने दोन-दोन, तीन-तीन कामं करायची. पण ती कोणी आणि कुठली, याचं गणित बसवायला मालकाला नाटक हाताच्या रेषांसारखं पाठ असावं लागतं. पोलोनियस तिसऱ्या अंकात पडद्याआड मारला जातो, म्हणजे तो नट पाचव्या अंकात कबर खणायला मोकळा. भूत पहिल्या अंकात येतं आणि मग राणीच्या महालात एकदाच, म्हणजे मधल्या वेळात तोच नट नाटकातल्या नाटकाचा राजा होऊ शकतो. ऑफेलिया चौथ्या अंकात बुडते, तर ती नटी शेवटी मिशा लावून दरबारी म्हणून उभी राहू शकते. शेक्सपिअरच्या स्वतःच्या मंडळीतही एकेक नट दोन-दोन कामं करत असे, त्यामुळे नाटकाच्या विणीतच या जागा आहेत. त्या बघायला फिरता नट-मालक लागतो.

मग सामान. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा न्यायालयाचा प्रवेश घ्या. त्याला लागतं काय? एक मेज, एक तराजू, एक सुरी, एक कागद आणि पोर्शियाला वकिलाचा झगा. बाकी सगळं शब्दांत आहे. व्हेनिसचा एक दगड न दाखवता व्हेनिस उभं राहतं. हे ज्याला कळलं तो शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्येही प्रयोग लावू शकतो. आमच्याकडे नेपथ्य इतकं जड की अर्धी गाडी लेव्हल्स आणि फ्लॅट्सनी भरायची. कणकवलीला उतरून सेट लावेपर्यंत बॅकस्टेजच्या पोरांचे खांदे सुजायचे आणि रात्री प्रयोग संपला की तोच सेट उतरवून पणजीचा रस्ता धरायचा. दोन-चार पेटाऱ्यांत नाटक बसवायची विद्या ज्या माणसाला येते, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो तो या कारणाने. आदर नव्हे, हेवाच.

आणि माणसं नुसती नट नव्हती. कपड्यांची इस्त्री, दिवे, पडदा, तिकीट, सगळं आपसात. फेलिसिटी शाळेच्या वयात प्रॉम्प्टिंग आणि प्रॉपर्टी सांभाळत वाढली. जेनिफर पोरवयातच कंपनीची नायिका झाली. एका रात्री राणी, दुसऱ्या रात्री मोलकरीण, सकाळी उठून पेटारा बांधणं.

केंडल यांचा सगळ्यात मोठा प्रेक्षक होता शाळकरी मुलं. इंग्रजी माध्यमाच्या त्या शाळांत सीनियर केंब्रिजच्या परीक्षेला शेक्सपिअर असायचा. मुलं त्याचे उतारे पाठ करायची, कठीण शब्दांचे अर्थ वहीत लिहायची, आणि नाटक म्हणून तो कधी बघितलेलाच नसायचा. आपल्याकडे मराठीत नेमकं उलटं झालं होतं. आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिलं, देवलांनी 'झुंझारराव', आणि गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट बघायला जे लोक यायचे त्यांतल्या कितीतरी जणांनी मूळ इंग्रजी पान डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे नाटक होतं, पुस्तक नव्हतं. या केंब्रिजवाल्या मुलांकडे पुस्तक होतं, नाटक नव्हतं. केंडल यांनी ते नेऊन दाखवलं, सकाळच्या उन्हात, बाकांच्या ओळींपुढे.

मुलांपुढे प्रयोग करणं सगळ्यात अवघड. आम्ही एकदा विदर्भातल्या एका शाळेत सकाळचा प्रयोग लावला होता. पडदा नाही, विंगांच्या जागी दोन कपाटं, अंधार करायची सोय नाही. पहिल्या प्रवेशात आमच्या ज्येष्ठ नटाचा आवाज जरासा खाली गेला आणि मागच्या पोरांनी सरळ गप्पा सुरू केल्या. त्या नटाने काय करावं? पुढचं वाक्य अगदी हळू घेतलं, पुटपुटल्यासारखं, आणि मागच्या एका मुलाकडे रोखून बघत राहिला. मागची रांग गप्प झाली, ऐकायला पुढे झुकली. मोठी माणसं कंटाळली तरी टाळ्या वाजवतात. मुलं कंटाळली की निघून जातात, बसल्या जागी. त्यांच्यापुढे जो वर्षानुवर्षं टिकतो त्याची गणना मी मोठ्या नटांतच करीन.

त्या बाकांवर कोण बसलं होतं, ते बघा. नैनीतालच्या सेंट जोसेफ शाळेत नसीरुद्दीन शाह नावाचा मुलगा होता. अभ्यासात मागे, घरी वडिलांशी पटत नसलेला. त्याने शाळेत केंडल यांना पाहिलं आणि आपल्याला आयुष्यात काय व्हायचंय ते त्याला कळलं. पुढे अजमेरच्या शाळेत त्याने स्वतः 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक केला तेव्हा डोळ्यांपुढे केंडलच होते. नसीर यांनी हे ऋण आत्मचरित्रात आणि मुलाखतींत मोकळेपणी मानलंय. केंडल यांना त्या दिवशी याची काही कल्पना असणं शक्य नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती एक शाळा, एक प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी.

दुसरं नाव उत्पल दत्त. आपल्याला 'गोलमाल'मधले भवानीशंकर म्हणून ते पाठ आहेत, बंगाली रंगभूमीवर तर ते डोंगराएवढे आहेत. १९४७ साली ते कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत होते आणि मित्रांबरोबर 'रिचर्ड द थर्ड' करत होते. केंडल यांनी त्या पोराचं काम बघितलं आणि त्याला आपल्या कंपनीत घेतलं. दत्त त्या पहिल्या दौऱ्यात हिंडले आणि १९५३-५४मध्ये पुन्हा गेले. पुढे कट्टर डाव्या विचारांचा हा नाटककार-दिग्दर्शक खेड्यापाड्यांत जात्रा हे बंगाली लोकनाट्य घेऊन गेला, नाटकापायी तुरुंगात गेला, आणि तरीही या इंग्रज मालकाला गुरू मानत राहिला. राजकारण दोन टोकांचं असेल, पण वेळेवर येणं, शब्द स्वच्छ बोलणं, लहान कामही मन लावून करणं, हे दत्त तिथे शिकले. कंपनीत राहिल्याशिवाय ते अंगी येत नाही. नाट्यशिबिरात चार दिवसांत सांगता येतं, अंगवळणी पाडता येत नाही.

तिसरा अर्थातच शशी.

इथे पृथ्वीराज कपूर यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४४ साली, म्हणजे केंडल भारतात आले त्याच वर्षी, पृथ्वीराजांनी पृथ्वी थिएटर्स काढलं. सिनेमात मिळवायचं आणि नाटकात घालवायचं. 'दीवार', 'पठाण' अशी नाटकं घेऊन दीडशेच्या आसपास माणसांचा लवाजमा देशभर फिरवायचा. प्रयोग संपला की स्वतः दारात झोळी पसरून उभं राहायचं, मान खाली घालून, आणि जमलेले पैसे गरजूंच्या मदतीला द्यायचे. १९६०मध्ये ती कंपनी बंद पडली, तोवर त्यांचा आवाज पार बसला होता. हेही नट-मालकच. भाषा वेगळी, तब्येत वेगळी, पण दोघांच्या पेटाऱ्यांना तोच वास आला असता, रंगाचा, कापराचा आणि घामाचा.

१९५६मध्ये या दोन कंपन्यांची कलकत्त्यात गाठ पडली. पृथ्वी थिएटर्समध्ये अठरा वर्षांचा शशी बॅकस्टेज सांभाळत होता. जेनिफर त्याच्याहून मोठी, तिकडची नायिका. पुढची प्रेमकथा सगळ्यांना ठाऊक आहे, मी ती पुन्हा सांगत नाही. मला त्यातला एकच भाग सांगायचा आहे, जो प्रेमकथेत नीट सांगितला जात नाही. केंडल यांचा या लग्नाला विरोध होता. लोक म्हणतात, इंग्रज बाप, हिंदुस्थानी जावई, म्हणून. मला हे पुरेसं वाटत नाही. शशी त्यांच्या कंपनीत काम करत होता, पोरगा त्यांनी जवळून पाहिला होता. मालकाच्या जागेवर बसून बघा: मुलगी निघाली म्हणजे कंपनीची नायिका निघाली. डेस्डिमोना, ऑफेलिया, पोर्शिया, व्हायोला, सगळ्या एका दिवशी गेल्या. धाकटी बारा वर्षांचीही नाही. पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना शशी आणि जेनिफर कंपनी सोडून निघाले, आणि परतीचे पैसे राज कपूर यांना पाठवावे लागले. जुलै १९५८मध्ये मुंबईत लग्न झालं.

आमच्या एका नाटकाची नायिका दौऱ्याच्या मधोमध, पुढच्या आठ प्रयोगांची तिकीटविक्री सुरू असताना, निघून गेली होती. कारण तिचं होतं आणि तिच्यापुरतं रास्त होतं. निर्माते चिपळूणच्या लॉजमध्ये रात्रभर खुर्चीत बसून राहिले होते, कुणाशी बोलले नाहीत. सकाळी त्यांनी आमच्यातल्या छोटं काम करणाऱ्या मुलीला हाक मारली आणि म्हणाले, "बाळ, संहिता घे आणि बस माझ्यासमोर." बाप म्हणून केंडल यांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. मालक म्हणून काय वाटलं असेल, ते त्या खुर्चीत मी पाहिलंय.

आणि त्यांनी कंपनी थांबवली नाही. फेलिसिटी मोठी होत गेली तशी थोरलीची कामं तिच्याकडे आली.

आता सिनेमा. १९४७च्या दौऱ्यात केंडल यांनी डायरी ठेवली होती. ती दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माते इस्माईल मर्चंट यांच्या हाती आली आणि त्यातून १९६५चा 'शेक्सपिअरवाला' निघाला. पटकथा रूथ प्रवर झाबवाला आणि आयव्हरी यांची, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचं, संगीत सत्यजित राय यांचं. केंडल, लॉरा आणि फेलिसिटी यांनी जवळजवळ स्वतःच्याच भूमिका केल्या, आडनाव फक्त बकिंगहॅम. शशी कपूर नायक. मधुर जाफरी यांना हिंदी सिनेमाच्या नटीच्या भूमिकेसाठी बर्लिनला पारितोषिक मिळालं. संस्थानिकाच्या भूमिकेत उत्पल दत्त, म्हणजे कंपनीतला जुना गडी मालकासमोर महाराजा होऊन बसलेला. जेनिफरही एका छोट्या भूमिकेत आहे. सिनेमा सुंदर आहे, मी तो पुनःपुन्हा पाहतो.

पण त्याने केंडल यांच्यावर अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे. सिनेमातली कंपनी खंगत चाललेली आहे. शाळा प्रयोग कमी करतात, प्रेक्षक हिंदी सिनेमाच्या मागे गेलाय, 'ऑथेल्लो' रंगात आलेला असताना सिनेनटी सज्जात येऊन बसते आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. जणू इंग्रज गेले, म्हणून शेक्सपिअर गेला. केंडल यांना हे चित्रण रुचलं नव्हतं, आणि ते साहजिक आहे. ज्या दौऱ्याच्या डायरीवर हे रचलं, तो १९४७चा दौरा होता, आणि त्यानंतर सहा वर्षांनी कंपनी परत आली ती वर्षानुवर्षं फिरण्यासाठी. प्रेक्षक नसता तर कोण आलं असतं? फिरत्या कंपनीच्या मागे धनको नसतो, आश्रयदाता नसतो. आजच्या गल्ल्यातून उद्याचं गाडीभाडं निघतं. दहा-बारा वर्षं कंपनी रस्त्यावर दिसते, याचा अर्थ हॉल भरत होते. याहून सोपा हिशेब धंद्यात दुसरा नाही.

दिग्दर्शकाला साम्राज्याच्या अस्ताची गोष्ट सांगायची होती, ती त्याने फार तरलपणे सांगितली. फक्त त्यासाठी चालत्या कंपनीचा चेहरा वापरला गेला, आणि पुढे लोकांना तो चेहराच खरा वाटला.

सिनेमानंतर फेलिसिटी इंग्लंडला गेली आणि तिथे दूरदर्शनवर आणि रंगभूमीवर मोठी नटी झाली. केंडल पती-पत्नी त्यानंतरही लहान संच घेऊन इकडे येत राहिले. आणि जेनिफरने मुंबईत जे केलं ते माझ्या मते वडिलांच्या कंपनीचंच पुढचं काम. पृथ्वीराज १९७२ला गेले. जुहूच्या ज्या जागेवर त्यांना थिएटर हवं होतं, तिथे शशी आणि जेनिफरने ते बांधलं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पृथ्वी थिएटर उघडलं. पहिलं नाटक कुठलं? आपल्या गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत. रंगमंचावर ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. म्हणजे केंडल यांना बघून नट झालेला मुलगा, केंडल यांच्या मुलीने उभ्या केलेल्या थिएटरात, मराठी नाटककाराचं नाटक करत होता.

पृथ्वीची रचना बघा. दोनशेच्या आसपास खुर्च्या, रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तीन बाजूंनी माणसं. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर नटाला लागतील. मोठा पडदा नाही, डामडौल नाही. जिने अख्खं बालपण जेवणाच्या हॉलमध्ये आणि वाड्यांच्या ओसरीवर नाटक करण्यात घालवलं, तिला नटाला आणि प्रेक्षकाला किती अंतर लागतं हे मोजपट्टीशिवाय कळत असणार. ती स्वतः रोज तिथे असायची, भाडं हौशी-प्रायोगिक मंडळींना परवडेल असं ठेवायची. सप्टेंबर १९८४मध्ये कर्करोगाने ती गेली.

तिच्या 'थर्टी-सिक्स चौरंगी लेन'मध्ये, १९८१ साली, तिच्या म्हाताऱ्या भावाची भूमिका केंडल यांनी केली आहे. ती शेक्सपिअर शिकवणारी एकटी अँग्लो-इंडियन बाई, तो वृद्धाश्रमात पडलेला भाऊ. प्रत्यक्षातला बाप पडद्यावर भाऊ झालाय आणि हे क्षणभरही खटकत नाही. दिग्दर्शक म्हणून अपर्णा सेन यांचा हा पहिलाच सिनेमा. त्यातलं केंडल यांचं काम बघा. अंथरुणावरचा माणूस, हालचाल जवळजवळ नाही, सगळं काम आवाजाचं. तो आवाज भोंग्याशिवाय हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला, आणि इथे तो खोलीपुरता आवरून धरलेला.

१९८६मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, १९९२मध्ये लॉरा गेल्या, १४ मे १९९८ रोजी केंडल गेले.

मला राहून राहून त्या १९४७च्या डायरीचं वाटतं. सिनेमाने तिचं काहीही केलेलं असो, एका मालकाने दौऱ्यावर असताना रोज रात्री बसून लिहिलं, म्हणून आज आपण या कंपनीबद्दल बोलू शकतो. आपल्या नाटक कंपन्यांच्या व्यवस्थापकांनीही लिहून ठेवलंय, पण ते हिशेबाच्या वह्यांत: कुठल्या गावी किती गल्ला, कुणाला किती नाइट, डिझेल किती, कोण आजारी पडलं म्हणून कुणी काम निभावलं. माझ्याकडे अशा काही वह्या आहेत, मी त्या टंकून काढायला घेतल्या आहेत. तुमच्या घरी आजोबांच्या, मामांच्या ट्रंकेत कंपनीची रोजकीर्द, ठेक्याचे करार, हँडबिलं, रेल्वेने सामान पाठवल्याच्या पावत्या असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा. मी स्वतः येऊन फोटो काढून नेईन, कागद तुमच्याकडेच राहतील. विशेषतः १९६०च्या आधीचं आणि कोकण-गोव्याच्या दौऱ्यांचं काही असेल तर आधी कळवा, कारण त्या कागदांना वाळवी फार लवकर लागते.